भिंगारचा गार डबा

छबूबाईला एकदा तिच्या लेकीकडे कोकणात नेऊन आणलं, तर आबासाहेबांना पाटाच्या पाण्याखालची काळी सहा एकर जमीन मिळणार होती. जाणार काय, तर पेट्रोल, उन्हाळ्यातला रिकामा आठवडा आणि थोडासा ताठा. बेलापुरात याहून वाईट सौदे करून लोक पेढे वाटत होते.

जमीन बापाची. बाप गेल्यावर सात-बाऱ्यावर भावाबरोबर बहिणीचंही नाव चढलं होतं. चढलेलं नाव उतरवायची रीत आपल्याकडे ठरलेली आहे. बहीण कचेरीत जाऊन हक्क सोडल्याची सही करते, भाऊ तिला साडीचोळी करतो आणि माहेरचं दार उघडं राहतं. छबूबाई तर विधवा. कडेवर पोर घेऊन माहेरी आली ती कायमची. तिनं कधीच सही करून टाकायला हवी होती. आबासाहेब काही दुष्ट नव्हते. बहिणीला ताटात कधी कमी पडू दिलं नाही. ताट कुणाचं आहे एवढं मात्र विसरू दिलं नाही.

सही अडली होती ती बनूपायी. बनू छबूबाईची एकुलती एक लेक. श्रीरामपूरला कॉलेजात असताना तिनं शांतवन नावाच्या ख्रिस्ती मास्तराशी लग्न केलं, तेव्हा आबासाहेबांनी चारचौघांत सांगितलं होतं, "माझ्या उंबऱ्याला तिचा पाय लागता कामा नये." शांतवनला पुढे गुहागरच्या बाजूला समुद्राकाठच्या शाळेत नोकरी लागली. आता बनूला मुलगी झाली होती. पोरगी रांगायला लागली तरी आजीनं तिला पाहिलं नव्हतं.

"आक्का, कचेरीत कधी जायचं?" आबासाहेब विचारायचे.

"बनूकडं नेऊन आण मला. आले की दुसऱ्या दिवशी सही."

"नेलं असतं गं. पन तुझं औषध? या उन्हात नासलं म्हंजी?"

हे औषध आबासाहेबांच्या वर्षभर उपयोगी पडलं होतं. छबूबाईला साखरेचा आजार होता, तो गोळ्यांवर भागणारा नव्हता. रोज सकाळी मांडीत सुई टोचून घ्यावी लागे. श्रीरामपूरच्या मिशनच्या दवाखान्यातल्या मेरी सिस्टरनं तिला ते शिकवलं होतं. औषधाच्या बाटल्या ती माजघरात ओल्या वाळूत पुरलेल्या लहान मडक्यात ठेवी, आणि त्या मडक्याची बडदास्त तिनं देवघराहून जास्त ठेवली होती.

"मडकंच घेते की मांडीवर," ती म्हणाली. "वल्लं फडकं गुंडाळून."

"अँबॅसिडरमधी मडकं? लोक म्हनतील, आबासाहेब बहिनीच्या अस्थी घेऊन चालले."

राहीबाई, म्हणजे आबासाहेबांची बायको, तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लोक काय बी म्हनंनात. सीट भिजंल त्याचं बोला की सरळ."

पण वैशाखात कारखान्यावरून बातमी आली, की भिंगारला मिलिटरीच्या जुन्या सामानाच्या दुकानात बॅटरीवर चालणारा गार डबा आला आहे. गाडीत ठेवायचा, वायर जोडायची, आतलं सगळं गार. आबासाहेबांनी कान टवकारले. गाडी जुनी घेतलेली असली तरी आपली होती, आणि तिच्यात असं काहीतरी असावं की ज्यासाठी लोकांनी खिडकीतून डोकं आत घालावं, अशी त्यांची जुनीच इच्छा होती. बहिणीची अडचण आणि भावाची हौस एकाच डब्यात मावत असेल, तर तो बघायला हरकत नव्हती. तिघंही नगरमार्गे भिंगारला गेले.

दुकानदार राधाकृष्ण उंच, सडपातळ, मिलिटरीचा माल विकता विकता स्वतःही थोडा मिलिटरीतला झालेला. बूट, कांबळी, कंदील यांच्या ढिगाऱ्यातून त्यानं वाट काढली आणि तीन वस्तू पुढे ठेवल्या.

पहिला लाकडी पेटारा, आतून पत्रा मारलेला. झाकण हातभर जाड.

"साहेब लोक शिकारीला न्यायचे. सकाळी बर्फाची लादी टाका, संध्याकाळी निम्मी शिल्लक."

"डिकी यानंच भरली तर बायकोला काय टपावर बसवू?" आबासाहेब म्हणाले.

"बसते की," राहीबाई म्हणाली. "तुमचं तोंड तरी दिसायचं न्हाई वाटंत."

दुसरा रुंद तोंडाचा थर्मास. राधाकृष्ण म्हणाला, "बाईंच्या बाटल्या आणि बर्फाचे चार खडे. फडक्यात गुंडाळून ठेवायच्या बाटल्या, बर्फाला चिकटू द्यायच्या नाहीत. काम झालं."

छबूबाईनं थर्मास उचलून पाहिला, आत हात घालून पाहिला. तिला तो एकदम पसंत पडला. "ह्यो बरा हाय, आबा. मांडीवर राहील."

"यात सोड्याची एक बाटली मावंल का? माझी पोरं येनार हायत बरुबर. का तुझ्या तीन बाटल्यांसाठी एवढा परवास?"

तिसरा तो डबा. राखाडी रंगाचा, बाजाच्या पेटीएवढा, कडेला लांब वायर आणि वर गुंजेएवढा तांबडा दिवा. परदेशातून आलेल्या एका अधिकाऱ्यानं बदलीच्या वेळी विकून टाकलेला. राधाकृष्णनं तो दुकानातल्या बॅटरीला जोडला. दिवा लागला. आत पंख्यासारखं काहीतरी गुणगुणायला लागलं. चहा येऊन संपेपर्यंत आतला पत्रा गार पडला. आबासाहेबांनी आत हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

"बर्फ नको, पाणी नको?"

"काही नको. तुमची बॅटरी आणि हा."

छबूबाईनं भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला व्यवहार कळत नाही असं घरात सगळे धरून चालत. प्रत्यक्षात त्या दुकानात सगळ्यात चटकन हिशेब तिनं केला. थर्मास घेतला तर आबाची गाडी आज ना उद्या करत उन्हाळाभर दारात उभी राहणार. हा डबा घेतला तर तो मिरवायला तरी आबा निघणार.

"हाच घे, आबा," ती म्हणाली. "झ्याक हाय."

मग घासाघीस झाली. ती चालू असताना राधाकृष्ण दोनदा म्हणाला, की गाडी बंद असताना डबा फार वेळ चालू ठेवू नका. पण भाव उतरवणारा माणूस त्या वेळी दुसरं काही ऐकत नसतो.

डबा बेलापूरला आला तो थेट ओसरीवर, बॅटरीसकट. दोन दिवस माणसं आत हात घालून जात होती. एका म्हाताऱ्यानं तर डोकंच घातलं आणि "काश्मीर, काश्मीर" म्हणाला. राहीबाईनं ताकाचा तांब्या ठेवून पाहिला. छबूबाई मेरी सिस्टरकडे जाऊन तीन नव्या बाटल्या घेऊन आली.

"डबा बिबा ठीक," मेरी सिस्टर म्हणाली होती, "पण नीट ऐका छबूबाई. उन्हात तापवायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसरं म्हणजे गोठू द्यायचं नाही. गोठलं की औषध मेलं. वितळल्यावर पुन्हा दुधासारखं दिसेल, पण आत कणी धरेल. ते टोचलं काय आणि पाणी टोचलं काय."

"आमच्याकडं कुठं गोठतंय बाई," छबूबाई हसून म्हणाली. "हितं मानूस वितळतंय."

साबणाच्या रिकाम्या डबीत तिन्ही बाटल्या गेल्या, डबी डब्याच्या तळाशी गेली. तिच्यावर सोड्याच्या बाटल्या, ताक, राहीबाईनं बहिणीसाठी घेतलेलं श्रीखंड आणि पोरांच्या हट्टाखातर आंबे. आबासाहेबांनी झाकण लावलं. "कुनी उगीउगी उघडायचं न्हाई. गारवा जातो."

पहिला मुक्काम पुण्याला, राहीबाईच्या बहिणीकडे. तिथे डब्याची आरती ओवाळायचीच काय ती राहिली. वाड्यातली माणसं रात्री उशिरापर्यंत येऊन तांबडा दिवा बघून गेली, आणि तो तसाच लावलेला राहिला. सकाळी गाडी सुरू होईना. शेजारच्या गल्लीतला मेकॅनिक आला, बॉनेट उघडून हसला.

"काका, बॅटरी तुमच्या डब्यानं पिऊन टाकली."

गाडी ढकलून निघायला दुपार झाली. आबासाहेबांचा सूर बदलला. आता गाडी थांबली की वायर काढायची. जेवायला थांबले, काढली. चहाला थांबले, काढली. साताऱ्याच्या पुढे टायर बसला तेव्हा तर डबा उन्हात गाडीतच तापत पडला. छबूबाईनं पदर भिजवून त्याच्यावर टाकला.

"आक्का, विजेचं सामान हाय ते. पानी कशाला घालतीस?"

"आत माझा जीव हाय न्हवं," ती म्हणाली.

कऱ्हाडला पोचले तेव्हा सोडा कढत होता आणि पोरं रडत होती. स्टँडसमोर कुल्फीवाल्याची गाडी होती. आबासाहेबांनी पोरांना कुल्फी घेऊन दिली आणि त्याच्याशी बोलत उभे राहिले. दिवसभराच्या या उन्हात कुल्फी दगडासारखी कशी राहते?

"मीठ, मालक," कुल्फीवाला म्हणाला. "बर्फात खडेमीठ घालायचं. नुसत्या बर्फात कुल्फी धरत नाही."

आबासाहेबांना त्यातलं जेवढं हवं होतं तेवढं ऐकू आलं. मीठ घातलं की बर्फ टिकतो, असा त्यांनी अर्थ काढला. त्यांचं काम चोख असायचं. तिथल्या तिथे बर्फाची अर्धी लादी फोडून घेतली, शेर-दीड शेर खडेमीठ घेतलं, आणि डबा उघडून एक थर बर्फ, एक थर मीठ असं लोणचं मुरवावं तसं भरलं. औषधाची डबी सगळ्यात खाली राहिली, कारण तिथे सगळ्यात गार.

"आबा, मीठ कशाला?" छबूबाईनं विचारलं.

"टिकतो त्यानं. तू निवांत बस. आता तुझ्या औषधाला काश्मीर."

तिनं मान हलवली. भाऊ घामाघूम होऊन आपल्यासाठी बर्फ फोडतोय, हे तिनं बऱ्याच वर्षांनी पाहिलं होतं. तिला बरं वाटलं.

रात्रीचा मुक्काम पाटणला एका धर्मशाळेत झाला. सकाळी पोरं जागी व्हायच्या आधी छबूबाईनं सुई उकळून घेतली आणि डबा उघडला. बर्फ बराचसा गेला होता. उरलेल्या खाऱ्या पाण्यात हात घातला तर हाताला चटका बसावा तसं झालं. साबणाची डबी बाहेर काढली. पहिली बाटली हलवली. आतलं हललं नाही. पांढरा खडा, गारगोटीसारखा. दुसरी तशीच. तिसरी तशीच.

ती बाटली मुठीत घेऊन आडाच्या कट्ट्यावर बसली. ऊन वर आलं तसा मुठीतला खडा सुटला. औषध पुन्हा दुधासारखं झालं. तिनं बाटली उजेडात धरली. दुधात बारीक बारीक कणी फिरत होती, नासलेल्या दुधात फिरते तशी.

कऱ्हाड मागे तासाभराच्या वाटेवर होतं. तिथे मोठी औषधाची दुकानं होती. पुढे कुंभार्ली घाट, घाटाखाली चिपळूण, आणि त्याच्यापुढे बनू.

"झालं का आक्का टोचून?" आबासाहेब दात घासत आले. तिच्या हातातल्या बाटलीकडे त्यांनी पाहिलं. "औषध ठीक हाय ना? न्हाईतर आत्ताच सांग. हितनं माघारी फिरू. घाट उतरल्यावर मग मला बोल लावू नकोस."

त्यांच्या आवाजात काळजी होती. तिच्या शेजारीच एक आशाही होती, आणि छबूबाईला चाळीस वर्षं हा आवाज पाठ होता. बॅटरी, टायर, ऊन, पोरांची रड, आणि आज त्या ख्रिस्ती मास्तराच्या दारात उभं राहायचंय, हे सगळं त्या आवाजात होतं. एकदा गाडीचं तोंड कऱ्हाडकडे फिरलं की ते बेलापूरपर्यंत फिरलेलंच राहणार. मग पुन्हा औषध, पुन्हा ऊन, पुन्हा पुढच्या वर्षी.

"ठीक हाय," ती म्हणाली. "झालं बी टोचून. चला."

आणि आबासाहेब वळल्यावर तिनं ते औषध खरोखरच टोचून घेतलं. कुणी सांगावं, मेलेल्यात थोडा जीव राहिलाही असेल.

बनूचं घर लहान, जांभ्या दगडाचं, मागे चार माड. गाडी थांबायच्या आत बनू धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली.  शांतवन पोरीला कडेवर घेऊन दारात उभा होता. आजीनं हात पुढे केले तेव्हा पोरगी आधी घाबरली, मग तिनं आजीच्या नाकातली चमकी धरली आणि ती काही केल्या सोडेना.

"सोड गं, नाक निघंल आजीचं," बनू म्हणाली.

"निघू दे," छबूबाई म्हणाली. "तिचंच हाय."

आबासाहेब ओसरीच्या खाली, माडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. मास्तराच्या घरचं पाणी त्यांना चालणार नव्हतं. ते आपला कोमट सोडा पीत राहिले आणि दोन वेळा गावातल्या खाणावळीत जाऊन जेवले.

"मामा, चहा तरी," शांतवन म्हणाला.

"आताच झालाय," आबासाहेब म्हणाले.

राहीबाईनं पहिल्या दिवशी नवऱ्याकडे बघून नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती सरळ बनूच्या चुलीपाशी जाऊन बसली आणि दोन कप प्याली. "तुमी तुमचा धर्म खुर्चीत सांभाळा," ती नवऱ्याला म्हणाली. "मला खोबऱ्याची आमटी शिकायचीय."

ते दोन दिवस छबूबाईचे होते. तिनं पोरीला न्हाऊ घातलं, तेल लावलं, मांडीवर निजवलं. समुद्र दाखवायला नेलं तर तिनं समुद्राकडे पाठ करून पोरीला वाळूत उभं राहायला शिकवलं. बनू म्हणाली, "आई, एवढ्या लांब आलीस, बघ तरी." तर म्हणाली, "पानीच हाय की."

तहान मात्र फार लागत होती. बनूला वाटलं, इथल्या दमट उन्हाळ्यानं. ती शहाळी फोडून देत राहिली. पाहुणीला या गावात दुसरं काय द्यायचं? छबूबाई एक प्याली की दुसरं मागायची. बनूनं ओल्या नारळाचे मोदक केले तेव्हा म्हणाली, "आई, तुला एकच. साखरेचं तुझं."

"सुई घेतीय न्हवं मी रोज. दे अजून एक. तुझ्या हातचं कधी खानार मी?"

बनूनं दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी छबूबाई काठी टेकत माडाखाली आली. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे. "आबा, कागद आनलाय का बरुबर? सहीचा?"

आबासाहेब चकित झाले. "कागद हितं कशाला? कचेरीत व्हायचं ते काम. घरी गेल्यावर बघू की."

"चिपळूनला कचेरी असंल. आजच करून टाकू."

"अगं, एवढी काय घाई? मी कुठं पळून चाललोय?"

वर्षभर ज्या सहीसाठी तगादा लावला ती समोरून चालत आली, तर आबासाहेबांना मोठेपणा दाखवावासा वाटला. अशी संधी त्यांना फार वेळा मिळत नसे. छबूबाईनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "तू शबूद पाळलास. माझा ऱ्हायला नको, एवढंच." आणि आत गेली.

दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत ती हाका मारल्या तरी अर्धवटच ओ देऊ लागली. श्वास लांब लांब, खोल, आणि त्याला पिकल्या फळासारखा कसला तरी वास. शांतवननं गावातल्या डॉक्टरला आणलं. त्यानं पाहिलं, नाडी धरली आणि म्हणाला, "साखर फार वाढलीय. औषध माझ्याकडे नाही, चिपळूणला असेल नसेल, कऱ्हाडलाच गाठा. गोड काय काय दिलं होतं?"

"शहाळी," बनू म्हणाली. "आणि मोदक."

डॉक्टरनं बॅग बंद केली.

आबासाहेबांनी गाडीची मागची सीट मोकळी केली. सोड्याच्या बाटल्या, पिशव्या आणि तो डबा, सगळं शांतवनच्या ओसरीवर भराभरा टाकलं. पोरांना घेऊन राहीबाई मागे राहिली. बनू आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली, शांतवन पुढे. त्या संध्याकाळी आबासाहेबांनी गाडी कशी हाकली ते शांतवननं नंतर राहीबाईला सांगितलं. प्रत्येक वळणावर ते म्हणत होते, "आक्का, ऐकतीस न्हवं? आलंच कऱ्हाड. आलंच." रडत होते आणि बाहीनं डोळे पुसत होते, आणि हॉर्न सोडत नव्हते. बहिणीवर त्यांचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. ते होतं. जमिनीवरही होतं.

घाट चढून वर आले तेव्हा बनू म्हणाली, "मामा, गाडी थांबवा."

त्यांनी थांबवली नाही. पुढच्या गावापर्यंत हाकत राहिले. मग थांबले.

बेलापूरला छबूबाईचे दिवस झाले. बनूचा पाय उंबऱ्याला लागला; या वेळी कुणी काही म्हणालं नाही. शांतवन बाहेर पिंपळाच्या पारावर बसून राहिला, त्याला राहीबाईनं तिथे ताट नेऊन दिलं.

तेराव्याच्या आधी एक दिवस आबासाहेब श्रीरामपूरला गेले होते. आक्काच्या सामानात औषधाच्या दोन भरलेल्या बाटल्या निघाल्या होत्या. वाया कशाला घालवा, कुणा गरिबाच्या कामी येतील, म्हणून ते मिशनच्या दवाखान्यात द्यायला गेले. शहाळ्यांनी आणि मोदकांनी आक्काची साखर वाढली, हेही त्यांनी सांगितलं. मेरी सिस्टरनं बाटली खिडकीशी धरली, हलवली, पुन्हा धरली.

"हे गोठलं होतं."

"गोठलं? अहो, बर्फातच ठेवलं होतं. टिकावा म्हनून मी मीठ बी घातलं होतं."

मेरी सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग बाटली टेबलावर ठेवली. "मीठ घातल्यानं बर्फ टिकत नाही, आबासाहेब. जास्त गार होतो. त्यात औषध मेलं. ही बाटली टोचून काही उपयोग नव्हता. शहाळी न पिताही त्या वाचल्या नसत्या."

आबासाहेब बाकावर बसले.

"आक्काला कसं कळायचं ते," ते म्हणाले.

"त्यांना ठाऊक होतं. मी बजावून सांगितलं होतं. त्यांनी बाटली हातात घेतली त्या क्षणी त्यांना कळलं असणार."

पाटणची सकाळ, आडाचा कट्टा, मुठीतली बाटली. "ठीक हाय. चला." हे आबासाहेबांना तिथे बसल्या बसल्या आठवलं असेलच.  दोन्ही बाटल्या मेरी सिस्टरनं केराच्या बादलीत टाकल्या.

तेरावं झालं. पाहुणे गेले. बनू माजघरात पोरीला थोपटत बसली होती. आबासाहेब दारात येऊन उभे राहिले, आत येईनात, जाईनात.

"मामा," बनूच बोलली. "आईला सही करायची होती ना? माडाखाली तुमच्याशी बोलत होती, ते मी ऐकलं. आता माझ्या सहीवर भागतं का?"

"भागतं," आबासाहेब म्हणाले. आईमागे लेक वारस, हे त्यांनी कचेरीत आधीच विचारून ठेवलं होतं. "पन आत्ताच कशाला..."

"उद्या करून टाकू. मला या जमिनीतलं काही नको." ती पोरीकडे बघत बोलत होती. "मामा, मी तिला शहाळी देत राहिले. ती मागायची आणि मी द्यायचे. मोदक नको म्हणायला हवं होतं मी. मला ठाऊक होतं तिचं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाच कळलं मला. माझ्या हातानं गेली ती."

खरं काय ते सांगायला आबासाहेबांना फार शब्द लागले नसते. मीठ मी घातलं, एवढे तीन पुरले असते. राहीबाई चुलीपाशी होती, तिला काही ठाऊक नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"नशिबात हुतं," आबासाहेब म्हणाले. "त्याला तू काय करनार, पोरी."

दुसऱ्या दिवशी कचेरीत बनूनं सही केली. आबासाहेबांनी तिला साडीचोळी केली, पोरीला चांदीच्या बिंदल्या केल्या, शांतवनलासुद्धा टॉवेल-टोपी दिली, आणि स्टँडवर पोचवायला स्वतः गाडी घेऊन गेले. गावानं म्हटलं, आबासाहेब मोठ्या मनाचा माणूस.

तेव्हा हिशेब असा झाला. आबासाहेबांना सहा एकर मिळाली. त्यांनी पेट्रोल, एक डबा आणि बहीण दिली. छबूबाईला नात मिळाली, दोन दिवस आणि वर थोडा वेळ. त्याची किंमत तिनं पाटणला आडाच्या कट्ट्यावर बसून, पूर्ण समजून, एकरकमी दिली. त्या मिठाचा दाम मात्र दोघांपैकी कुणीच दिला नाही. तो बनू देते आहे. तिच्या परसात चार माड आहेत, शेजारपाजारचे लोक शहाळी उतरवून नेतात, आणि तिनं अजून आपल्या पोरीला त्यातलं एकसुद्धा पिऊ दिलेलं नाही.